गाठ विरली, दुखणे राहिले

माझे दुखणे ओटीपोटाच्या उजव्या बाजूला, जांघेच्या किंचित वर सुरू होत असे. पाळीच्या कळा मला शाळेपासून ठाऊक होत्या, त्यामुळे हे काही निराळे आहे हे लवकरच लक्षात आले. पाळीच्या कळा येतात आणि ओसरतात. हे दुखणे मात्र आत ठाण मांडून बसे, कंबरेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला उतरे आणि बराच वेळ एका जागी बसून काम केले की वाढत जाई. महिन्यातले काही दिवस ते नुसते जाणवत राही, काही दिवस मात्र सरळ उभे राहणेसुद्धा जड जाई. अंगावर काढण्यासारखे ते नव्हते, म्हणून मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले आणि त्यांनी सोनोग्राफी लिहून दिली.

पोटावरून सोनोग्राफी करायची तर लघवी तुंबवून ठेवावी लागते. ज्या ओटीपोटात आधीच ठणका आहे, त्यावर भरलेल्या मूत्राशयाचा ताण आणि वरून प्रोबचा दाब, असे ते प्रकरण होते. पडद्यावर करड्या रेघांच्या मधोमध एक काळाभोर, नितळ कडांचा गोल दिसला. डॉक्टरांनी त्याच्या दोन टोकांवर दोन बारीक फुल्या ठेवल्या, त्यांच्यामध्ये तुटक रेघ उमटली आणि कोपऱ्यात आकडा आला: ४.२ सेंटीमीटर. उजव्या अंडाशयात साधी, पाण्याने भरलेली सिस्ट. मला त्या क्षणी भीतीपेक्षा सुटकाच अधिक वाटली, कारण दुखण्याला एक कारण मिळाले होते आणि ते कागदावर लिहून आले होते.

ही सिस्ट कशी होते, ते त्या डॉक्टरांनी नीट समजावले. दर महिन्याला अंडाशयात बीज ज्या लहानशा पिशवीत वाढते, ती पिशवी साधारण २ ते २.५ सेंटीमीटर झाली की फुटते आणि बीज बाहेर पडते. कधी ती फुटतच नाही आणि पाणी साठून वाढत राहते. कधी फुटल्यावर मागे राहिलेला पिवळसर भाग, ज्याला कॉर्पस ल्युटियम म्हणतात, तो आक्रसून जाण्याऐवजी पाण्याने किंवा रक्ताने भरतो. दोन्ही प्रकार शरीराच्या नेहमीच्या कामातूनच घडतात आणि बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांमध्ये आपोआप विरून जातात. म्हणून त्यांनी सहा ते आठ आठवड्यांनी, तेही पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत, पुन्हा सोनोग्राफी करायला सांगितली. पाळीच्या आधी सोनोग्राफी केली तर त्या महिन्याची नवी पिशवी पाहून नाहक घोटाळा होतो, हे मला तेव्हा प्रथमच कळले.

दुसऱ्या सोनोग्राफीत काळा गोल नव्हता. डॉक्टरांनी अभिनंदन केले आणि फाइल बंद केली. दुखणे मात्र जसेच्या तसे होते. मी तसे सांगितल्यावर, "गाठ गेली आहे, आता दुखायला नको," असे उत्तर मिळाले, आणि या वाक्याला काय म्हणावे हे मला कळेना, कारण ते सांगणाऱ्या व्यक्तीचा हेतू चांगला होता आणि माझे पोट तेव्हाही दुखतच होते.

त्यानंतर सिस्ट पुन्हापुन्हा होत राहिल्या. कधी उजवीकडे, कधी डावीकडे, एकदा दोन्हीकडे. दर वेळी तेच चक्र फिरे: दुखणे वाढले की सोनोग्राफी, सिस्ट दिसली की वेदनाशामक गोळ्या आणि वाट पाहणे, सिस्ट विरली की दुखण्याचा विषय समाप्त. या काळात मी एका साध्या वहीत तारीख, पाळीचा दिवस, दुखण्याची जागा, तीव्रता, त्या दिवशीचे बसणे-चालणे आणि शौच-लघवीच्या वेळचा त्रास, एवढ्या नोंदी ठेवू लागले. त्या नोंदी सोनोग्राफीच्या रिपोर्टांशेजारी ठेवून पाहिल्यावर एक गोष्ट स्वच्छ दिसली. सिस्ट डावीकडे असतानाही दुखणे उजवीकडेच होते. सिस्ट ५ सेंटीमीटरची असताना मी अख्खा आठवडा व्यवस्थित काम केले होते आणि रिपोर्टमध्ये काहीही नसताना रात्र रात्र जागून काढली होती. सिस्ट आणि दुखणे यांचा संबंध नव्हता असे नाही, पण एक म्हणजेच दुसरे, हे गृहीतक माझ्या शरीराला लागू पडत नव्हते. पुढच्या सगळ्या उपचारांत मला याच एका गोष्टीसाठी भांडावे लागले.

मधल्या काळात जवळच्या अनेकींनी मला पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) झाल्याचे परस्पर ठरवून टाकले होते, म्हणून त्याबद्दल दोन शब्द लिहिते. पीसीओएसमध्ये सोनोग्राफीत दिसतात त्या वाढ अर्धवट राहिलेल्या, काही मिलिमीटरच्या बीजपिशव्या असतात, आणि त्या विकाराचे मूळ संप्रेरकांच्या असंतुलनात असते. माझी पाळी नियमित होती आणि सिस्ट एकेकटी, मोठी आणि विरून जाणारी होती. चॉकलेट सिस्ट आणखी वेगळी. ती एंडोमेट्रिओसिसमुळे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजारामुळे होते, तिच्यात जुने दाट रक्त साठते आणि ती सहसा आपोआप जात नाही. डर्मॉइड सिस्टही तशीच राहते, तिच्या आत चरबी, केस, क्वचित दातही सापडतात. आपल्याला सिस्ट आहे एवढे कळणे पुरेसे नसते. ती कोणत्या जातीची आहे हा पुढचा प्रश्न प्रत्येकीने विचारलाच पाहिजे, कारण वाट पाहायची की शस्त्रक्रिया करायची, हे त्यावर ठरते.

एका ठिकाणी माझी सीए-१२५ ही रक्ततपासणी केली गेली आणि आकडा ३५ या मर्यादेच्या वर आला. रिपोर्ट हातात पडल्यापासून डॉक्टरांची भेट होईपर्यंतचे दिवस कसे गेले, ते लिहून सांगता येणार नाही. कर्करोगाशी जोडलेली ही तपासणी पाळी चालू असताना, एंडोमेट्रिओसिसमध्ये, फायब्रॉइडमध्ये (गर्भाशयाच्या स्नायूंतल्या साध्या गाठी), ओटीपोटातल्या जंतुसंसर्गातसुद्धा वाढलेली दिसू शकते. पाळी सुरू असलेल्या वयात आणि सोनोग्राफीत साधी, एका कप्प्याची, पातळ भिंतीची सिस्ट दिसत असताना तिची गरजच नसते, असे ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या संस्थेच्या २०११ सालच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. त्याच सूचनांनुसार ५ सेंटीमीटरपर्यंतच्या साध्या सिस्टसाठी पुन्हा सोनोग्राफीचीही सहसा आवश्यकता नसते, ५ ते ७ सेंटीमीटरची असेल तर वर्षाने पाहावे आणि त्याहून मोठी असेल तर एमआरआय किंवा शस्त्रक्रियेचा विचार करावा. हे मला आधी कोणी सांगितले असते, तर पुष्कळशी धास्ती टळली असती.

मात्र सगळ्याच वेळी वाट पाहणे योग्य नसते, आणि ती रात्र मी विसरू शकत नाही. जिना चढताना उजव्या बाजूला काहीतरी फाटल्यासारखी कळ आली, घाम फुटला, दोनदा उलटी झाली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. हे नेहमीचे दुखणे नव्हे, हे सांगायला वहीची गरज नव्हती. रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टरांनी तत्काळ दोन शक्यता सांगितल्या: सिस्ट फुटली असावी किंवा सिस्टच्या वजनाने अंडाशयाला पीळ पडला असावा. पीळ पडला तर अंडाशयाचा रक्तपुरवठा तुटतो आणि वेळेत शस्त्रक्रिया करून तो सोडवला तरच अंडाशय वाचण्याची आशा असते. माझ्या बाबतीत रक्त भरलेली सिस्ट फुटली होती आणि ओटीपोटात थोडे रक्त साठले होते. नाडी, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन स्थिर राहिल्यामुळे देखरेखीवरच भागले, शस्त्रक्रिया करावी लागली नाही. अचानक उठलेली असह्य कळ, तिच्याबरोबर उलट्या, घेरी, ताप, किंवा खांद्याच्या टोकाशी दुखणे, यांपैकी काहीही असेल, आणि गर्भधारणेची थोडीही शक्यता असेल तर विशेषच, सकाळ होण्याची वाट पाहू नये. ज्यांना रोजच दुखते त्यांना हे सांगणे अधिक गरजेचे आहे, कारण सवयीने आपण सगळेच सहन करण्याच्या खात्यात टाकतो.

त्या रात्रीनंतर मला गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या गेल्या. झालेली सिस्ट या गोळ्यांनी लवकर विरत नाही, हे अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे; परंतु बीज तयार होण्याची क्रियाच थांबल्यामुळे नव्या सिस्ट होण्याचे प्रमाण कमी होते. तसेच झाले. सोनोग्राफी ओळीने स्वच्छ येऊ लागल्या, पाळीच्या कळाही निम्म्यावर आल्या. पण उजव्या बाजूचे ते जुने, खोल, मांडीत उतरणारे दुखणे टिकून राहिले. वहीतून मला जे दिसले होते, त्याला या गोळ्यांनी दुजोरा दिला.

तेव्हा एंडोमेट्रिओसिसची शंका पुढे आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार पुनरुत्पादनक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो, आणि त्याचे पोटाच्या आवरणावरचे उथळ ठिपके सोनोग्राफीत दिसत नाहीत. आता युरोपातील २०२२ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार केवळ निदानासाठी सरसकट दुर्बिणीची शस्त्रक्रिया करण्याची पद्धत मागे पडली आहे. औषधांनी गुण आला नाही किंवा चित्रणात काही सापडले नाही तर तिचा विचार होतो. माझ्या बाबतीत दोन्ही गोष्टी लागू होत्या. पूर्ण भूल देऊन, बेंबीपाशी लहान छेद घेऊन, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून आतली पाहणी करण्यात आली. शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त दुखत होता. पोटातल्या वायूमुळे श्वासपटल चेतवले जाते आणि त्याची संवेदना खांद्यात उमटते, असे परिचारिकेने सांगितले. जिथे बिघाड आहे तिथेच दुखते असे नाही, याचा तो धडधडीत पुरावा होता, आणि पुढे तो मला वारंवार आठवत राहिला.

दुर्बिणीतून काहीही सापडले नाही. गर्भाशय, दोन्ही अंडाशय, नलिका, आतड्याचा दिसणारा भाग, सगळे निरोगी. चिकटलेले भाग नाहीत, ठिपके नाहीत. डॉक्टरांनी आनंदाने छायाचित्रे दाखवली आणि मी त्यांच्यासमोर रडले. ते आनंदाश्रू आहेत असे त्यांना वाटले.

या टप्प्याबद्दल मला सविस्तर लिहिलेच पाहिजे, कारण माझ्यासारख्या कित्येकजणी इथेच थांबतात. रिपोर्ट निर्दोष आला की भोवतालच्या माणसांचा सूर बदलतो. त्यात वाईटपणा नसतो. त्यांना मनापासून वाटते की आता ही बरी झाली. "सगळं नॉर्मल आहे ना, मग आता मनातून काढून टाक," असे घरी सांगितले गेले. कामाच्या ठिकाणी सुट्टी मागताना कारण काय लिहायचे, हा प्रश्न पडू लागला, कारण सिस्ट लिहिता येत होती, दुखणे लिहिता येत नव्हते. एका डॉक्टरांनी ताण कमी करा, छंद लावून घ्या, असे सुचवले. दुसऱ्यांनी लग्न, मूल यांविषयी चौकशी केली आणि बाळंतपणानंतर सगळे सुरळीत होईल असे आश्वासन दिले. कोणीही खोटे बोलत आहेस असे म्हटले नाही, पण माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवण्यासाठी प्रत्येकाला काहीतरी दिसायला हवे होते, आणि दाखवण्यासारखे माझ्याकडे काहीच उरले नव्हते. मलाच माझ्या दुखण्याविषयी शंका येऊ लागली, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट होती. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्यासोबतच्या टिपांत, एखादी व्यक्ती आपल्याला वेदना होत असल्याचे सांगते तेव्हा तिच्या सांगण्याचा आदर केला पाहिजे, असे स्पष्ट नमूद केले आहे. ते वाचताना मला जे वाटले ते एखाद्या औषधाने वाटले नसते.

पुढच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे मी जाताना रिपोर्टांच्या जाडजूड फाइलवर वहीतल्या नोंदींचे एक पान लावून नेले. त्यांनी आधी ते पानच वाचले. मग विचारले की बसल्यावर दुखणे वाढते का, जिना चढताना वाढते का, लघवी झाल्यावर बरे वाटते की जास्त दुखते, शौचाच्या आधी कळ येते का, संबंधांच्या वेळी दुखते का आणि दुखत असेल तर सुरुवातीला की खोलवर, आणि नंतर किती वेळ टिकते. इतकी वर्षे सिस्ट किती मोठी आहे हे विचारले जात होते, दुखणे कसे आहे हे प्रथमच कोणी एवढ्या बारकाईने विचारत होते. सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या ओटीपोटाच्या दुखण्याची कारणे गर्भाशय-अंडाशयांखेरीज मूत्राशयात, आतड्यात, स्नायूंत, मज्जातंतूंत कोठेही असू शकतात आणि पुष्कळदा एकाहून अधिक ठिकाणी असतात, असे त्या म्हणाल्या.

तपासताना त्यांनी मला पाठीवर झोपवले, दुखऱ्या जागी बोट टेकवले आणि डोके व खांदे उचलायला सांगितले. पोटाचे स्नायू असे ताठ केल्यावर दुखणे वाढले तर त्याचा उगम पोटाच्या भिंतीत असण्याचा संभव असतो. कार्नेट या शल्यचिकित्सकांनी १९२६ साली सांगितलेली ही तपासणी करायला कोणतेही यंत्र लागत नाही. माझे दुखणे वाढले नाही. मग माझी परवानगी विचारून, प्रत्येक पायरी आधी सांगून, त्यांनी एकाच बोटाने आतून तपासले. गर्भाशय हलवून पाहिले, अंडाशयांपाशी दाब दिला, काही विशेष नाही. त्यानंतर बोट उजव्या बाजूच्या भिंतीकडे वळवून त्यांनी मला उजवा गुडघा बाहेरच्या दिशेला त्यांच्या हातावर दाबायला सांगितले. बोटाखाली एक स्नायू कडक झाला आणि तेच, अगदी तेच दुखणे जांघेवर उमटून मांडीत उतरले.

"हेच का ते?" त्यांनी विचारले.

मला हो म्हणायलाही सुचले नाही, नुसती मान हलवली. डाव्या बाजूला तोच दाब दिल्यावर फक्त दाब जाणवला.

त्या स्नायूचे नाव ऑब्ट्युरेटर इंटर्नस. तो मांडी बाहेरच्या बाजूला वळवतो आणि ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारख्या पसरलेल्या स्नायूंशी जोडलेला असतो. तो ना सोनोग्राफीत दुखताना दिसतो, ना दुर्बिणीत. त्यांचे स्पष्टीकरण असे होते की सिस्टच्या प्रत्येक खेपेला, विशेषतः त्या फुटण्याच्या रात्री, दुखण्यापासून बचाव करण्यासाठी हे स्नायू आखडले आणि नंतर सैल व्हायचे विसरले. शिवाय अंडाशय, गर्भाशय, मूत्राशय, मोठे आतडे आणि हे स्नायू यांच्याकडून येणारे मज्जातंतू पाठीच्या कण्यात जवळजवळच्या ठिकाणी पोहोचत असल्याने, एकाचे दुखणे दुसऱ्याला चेतवते आणि उगम नेमका कोठे हे मेंदूलाही धड कळत नाही. वेदनेचे संदेश दीर्घकाळ येत राहिले की पाठीचा कणा आणि मेंदू स्वतःच अधिक संवेदनशील होतात. मज्जासंस्थेचे अभ्यासक क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली या प्रक्रियेचा प्रायोगिक पुरावा मांडला होता. सिस्ट जाऊनही दुखणे का राहिले, याचे हे पहिले उत्तर होते ज्यात मला कोणी दोष दिला नव्हता आणि सिस्टलाही सगळ्याबद्दल जबाबदार धरले नव्हते. एंडोमेट्रिओसिसचे अगदी सूक्ष्म ठिपके नजरेतून सुटलेले असू शकतात, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. पण त्यासाठी लगेच दुसरी शस्त्रक्रिया करण्यापेक्षा जे हाताला लागले आहे त्यावर आधी उपचार करू, असे ठरले.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे मी जाऊ लागले. सगळीकडे सुचवले जाणारे कीगल व्यायाम त्यांनी पहिल्याच दिवशी बंद करायला सांगितले. ते स्नायू आवळण्याचे व्यायाम आहेत आणि आधीच आखडलेल्या स्नायूंना त्याने अधिक त्रास होऊ शकतो. मला शिकायचे होते ते सैल सोडणे, आणि ते आवळण्यापेक्षा कितीतरी अवघड निघाले. एक हात छातीवर, एक बरगड्यांच्या खाली, श्वास आत घेताना पोट आणि कंबर फुगू द्यायची आणि त्याच वेळी तळ खाली उतरतो आहे का, हे लक्ष देऊन पाहायचे. पहिले काही आठवडे मला तिथे काही हलते आहे हेच जाणवले नाही. फिजिओथेरपिस्ट आतून त्या कडक जागेवर हलका, स्थिर दाब देत आणि दुखणे दहापैकी किती आहे ते विचारत राहत. सहाचे चार होईपर्यंत बोट तसेच ठेवत, मी श्वासावर लक्ष ठेवत असे. त्यांनी कधी घाई केली नाही आणि मी थांबा म्हटल्यावर लगेच थांबल्या. या उपचारात ही गोष्ट तंत्राइतकीच महत्त्वाची आहे.

घरी मी पाठीवर पडून गुडघे छातीशी घेणे, मांड्या बाहेर सोडून पडून राहणे, आणि बसण्याच्या कामात दर अर्ध्या तासाने उठणे, एवढे नेमाने करत गेले. शौचाला बसताना पायांखाली लहान पाट ठेवणे आणि कुंथणे टाळणे, ही सूचना क्षुल्लक वाटली होती, तिचा उपयोग मात्र लवकर जाणवला, कारण बद्धकोष्ठ झाले की त्या स्नायूंवर दुहेरी ताण येत होता. दुखणे भडकलेल्या दिवशी व्यायाम वाढवायचे नाहीत आणि बऱ्या दिवशी राहिलेली सगळी कामे उरकायची नाहीत, हा नियम पाळणे मला सर्वांत कठीण गेले. चांगला दिवस आला की तो वसूल करावासा वाटतो आणि पुढचे तीन दिवस त्याची किंमत मोजावी लागते.

औषधांचे थोडक्यात सांगते. पाळीच्या कळांसाठी मेफेनॅमिक अ‍ॅसिडसारखी गोळी कळा टिपेला पोहोचल्यावर घेण्यापेक्षा सुरुवातीलाच, काही खाल्ल्यावर घेतली तर चांगली लागू पडते. आम्लपित्त, मूत्रपिंडाचा त्रास किंवा दमा असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. मज्जातंतूंची संवेदनशीलता कमी करण्यासाठी मला अ‍ॅमिट्रिप्टिलिन अगदी कमी मात्रेत रात्री दिले गेले. नैराश्यावरचे म्हणून ओळखले जाणारे हे औषध वेदनेसाठी का दिले जाते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितल्यामुळे मी ते मन न खाता घेऊ शकले. तोंड कोरडे पडले, सकाळी जडपणा राहिला, पण झोप सलग लागू लागली आणि झोप झालेल्या दिवशी दुखणे निश्चितच कमी असे. याआधी मला गॅबापेंटिन दिले गेले होते, त्याने नुसती गुंगी येत असे. ब्रिटनमध्ये माझ्यासारख्याच, दुर्बिणीत काही न सापडलेल्या ३०६ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२० साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गॅबापेंटिन निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही, असे नव्या डॉक्टरांनी सांगितले आणि ते हळूहळू बंद केले.

जोडीदाराशी बोलणे हा या उपचाराचाच भाग होता, जरी तो कोणी लिहून दिला नव्हता. संबंधांनंतर दोन दोन दिवस दुखत असे, त्यामुळे जवळीक म्हटली की माझे अंग आधीच आखडायचे आणि त्याला वाटायचे की मी त्याला टाळते आहे. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने आम्ही काही महिने संबंध पूर्णपणे बाजूला ठेवले आणि तसे ठरवून ठेवल्यामुळेच एकमेकांच्या जवळ बसणे पुन्हा निर्धास्त झाले. कोणता स्नायू, कोठे, का दुखतो हे त्याने स्वतः समजून घेतले, तेव्हा "आज कसं आहे?" या त्याच्या प्रश्नातला अवघडलेपणा गेला.

एका टप्प्यावर उजवा अंडाशय काढून टाकावा, म्हणजे कटकटच मिटेल, असाही सल्ला मला मिळाला होता. दुखण्याने थकलेल्या बाईला तो किती मोहात पाडतो, हे मी जाणते. पण निरोगी अंडाशय काढल्याने दुखणे जाईलच याची शाश्वती कोणी देत नव्हते, उरलेल्या अंडाशयात सिस्ट होणे थांबणार नव्हते, आणि नुसती सिस्ट काढण्याच्या शस्त्रक्रियेतही बीजांचा साठा काही प्रमाणात घटू शकतो. ज्यांच्या सिस्टमध्ये संशयास्पद काही आहे, ज्यांना चॉकलेट सिस्ट आहे किंवा पीळ पडण्याचा धोका आहे, त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया हाच योग्य मार्ग असू शकतो. माझे दुखणे मात्र ज्या स्नायूत होते तो अंडाशय काढल्यावरही तिथेच राहणार होता.

पुढे मला डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या चमकत्या रेषा दिसून डोके दुखण्याचा त्रास सुरू झाला. अशा अर्धशिशीत इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून गर्भनिरोधक गोळ्या थांबवाव्या लागल्या आणि अपेक्षेप्रमाणे सिस्ट परतल्या. दुखणे कायमचे गेलेले नाही. लांबचा प्रवास, जागरण, बद्धकोष्ठ, यांपैकी काही झाले की ते डोके वर काढते, पण आता चार-सहा दिवसांत ओसरते आणि त्या दिवसांत काय करायचे हे मला ठाऊक असते. दुखते तेव्हा ते कोठून येते आहे हे मी बहुतेक वेळा ओळखते: पोटात मध्यावर आणि येऊन-जाऊन असेल तर पाळीचे, मांडी वळवताना वाढत असेल तर स्नायूचे, आणि यांपैकी कशाशीच जुळत नसेल तर डॉक्टरांना दाखवण्याचे.

गेल्या तपासणीत डाव्या अंडाशयात ३.६ सेंटीमीटरची साधी सिस्ट दिसली. डॉक्टरांनी तिची भिंत, आतले कप्पे आणि रक्तप्रवाह पाहिला, काही गैर नसल्याची नोंद केली आणि मग खुर्ची माझ्याकडे वळवून उजव्या बाजूच्या दुखण्याविषयी विचारले. सिस्टसाठी पुढची तारीख दिलेली नाही. फिजिओथेरपीची दिली आहे.